बोटभर पाणी

मी एक जुने बेट आहे. दचकू नका, मित्रांनो. मी बुडत नाही, वाहून जात नाही, आणि माझ्या किनाऱ्यावर एकही खेकडा नाही. खरे सांगायचे तर पाण्याचा थेंबही मला कधी शिवलेला नाही. मी नकाशातले बेट आहे आणि माझा मुक्काम एका संगणकात असतो. समुद्रात जे खरेखुरे बेट आहे, ते माझे थोरले भावंड समजा. त्याच्यावर माणसे राहतात, बकऱ्या चरतात, दोरीवर कपडे वाळतात. माझ्यावर फक्त माझे नाव राहते, तेही बारीक अक्षरांत.

सायकल दुरुस्तीच्या एका दुकानावर दोन खोल्या आहेत. खाली दिवसभर चाके फिरतात, पंपाची फुसफुस चालते, आणि वर नकाशे तयार होतात. तिथे एक आत्या आणि तिचा भाचा काम करतात. आत्याचे आयुष्य कागदावर शाईने नकाशे काढण्यात गेले. भाचा तेच काम संगणकावर करतो. दोघांचे एकमेकांवाचून पान हलत नाही, आणि एकमेकांशी पटतही नाही.

मला आधी आत्याने कागदावर काढले. मी जरा वाकडा आहे. एका बाजूने फुगीर आणि दुसऱ्या बाजूने पोटात वळलेला. त्यामुळे नकाशावरचे माझे नाव काहीही असो, त्या खोल्यांत मला सगळे काजू म्हणतात, आणि म्हणूनच मी स्वतःलाही ‘तो’ म्हणू लागलो. माझ्या वळलेल्या पोटासमोर थोडेसे पाणी, आणि पाण्यापलीकडे मोठी जमीन. ते पाणी इतके अरुंद आहे, की तिथली रेघ ओढताना आत्या श्वास रोखून धरायची. रेघ पुरी झाली की मगच ती खोकायची.

पुढे संगणक आला. भाच्याने आत्याचा कागद यंत्राखाली धरून त्याचा फोटो पडद्यावर घेतला आणि माझ्या किनाऱ्याभोवती ठिपके टाकायला सुरुवात केली. जिथे किनारा वळतो, तिथे एक टिचकी. पुन्हा वळला, पुन्हा टिचकी. मित्रांनो, संगणकातली जमीन अशीच जन्मते. ठिपक्याला ठिपका जोडत सगळी प्रदक्षिणा घालायची आणि शेवटचा ठिपका पहिल्याला नेमका भिडवायचा. तो भिडला नाही, तर संगणक तुम्हाला जमीन मानतच नाही. नुसती रेघ म्हणतो आणि रंग भरायला नकार देतो. माझा शेवटचा ठिपका भिडला आणि मी एकदम हिरवागार झालो. तो क्षण मला अजून आठवतो. भाच्याने खुर्चीतच गिरकी घेतली होती.

आत्याने मात्र चष्मा पुसून पडद्याजवळ नाक नेले आणि मला कागदाशी ताडून पाहिले. मग तिने भाच्याला बजावले, की किनारा केसभरही हलता कामा नये. तो संगणक आहे म्हणून वाटेल तसं ओढायचं नाही. जी जमीन समुद्राने इतकी वर्षं जागची हलवली नाही, ती तू टिचकीसरशी हलवणारा कोण? भाच्याने मान डोलावली. तो मान फार छान डोलवतो.

त्यानंतर माझे चांगले दिवस आले. शाळांच्या भिंतींवर लावायचा मोठा नकाशा निघाला आणि त्यात मी होतो. मित्रांनो, माझे एक गुपित सांगतो. मी जिथे जिथे छापला जातो, तिथे तिथे असतो. त्यामुळे एकाच वेळी कितीतरी वर्गांत बसून मी कितीतरी धडे ऐकले. एका शाळेतले सर तर माझ्याकडे छडी दाखवून म्हणायचे, “ज्याने हे बेट काढलं, त्याच्या हाताला दाद द्यायला हवी.” हात बाईचा होता हे त्यांना कोण सांगणार? मी मनातल्या मनात फुगून आणखी काजू झालो.

पण कौतुकाचे दिवस काही कायम राहत नाहीत. मी नकाशाच्या अगदी कडेला असतो, हेच माझे दुखणे. कोणाला नकाशा लहान चौकटीत बसवायचा असला, की कात्री पहिल्यांदा माझ्यावर. एकदा मला उचलून कोपऱ्यातल्या वेगळ्या पेटीत डांबले. एका जाहिरातवाल्याने तर उत्तर दिशा दाखवणारा भलामोठा बाण नेमका माझ्या डोक्यावर रोवला. बाणाखाली बेट आहे, हे कोणाच्या गावीही नव्हते. पुढे पुढे मला कोणी उघडेनासे झाले. संगणकाच्या कोपऱ्यात ‘जुनी कामे’ नावाची पेटी होती, तिथे मी पडून राहिलो.

त्या दिवसांत माझी एकच इच्छा होती. आपण मोठ्या जमिनीला जोडले जावे. तिला रस्ते, रेल्वे, नद्या, मोठाल्या अक्षरांतली शहरे. तिला कोणी कापत नाही. बोटभरही पाणी नव्हते मध्ये, तरी ती तिकडे आणि मी इकडे.

आणि मित्रांनो, माझी इच्छा पुरी झाली. कशी, ते ऐका.

ज्या मुलांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांच्या एका शाळेने आत्याकडे हाताने वाचायचा नकाशा मागितला. त्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाई फोनवर बोलल्या. त्यांना सगळा किनाऱ्याचा प्रदेश हवा होता, वर्गातल्या प्रत्येक मुलासाठी एक. असा नकाशा करताना आधी लाकडाचा साचा कोरतात. त्यात जमीन उंच आणि पाणी खोल असते. मग प्लास्टिकचा पातळ पत्रा तापवून साच्यावर ओढून बसवतात. गार झाला की जमीन हाताला लागते, पाण्यात बोट उतरते. नावे ब्रेल लिपीत, म्हणजे उठावदार टिंबांत.

आता त्या वर्गातली एक गोष्ट सांगतो. ती मला पुढे तिथे राहायला गेल्यावर कळली. आत्याला आणि भाच्याला तेव्हा तिचा पत्ता नव्हता. वर्गात एका नावाड्याची मुलगी होती. तिचे घर माझ्या थोरल्या भावंडावर, खऱ्या बेटावर. शाळेच्या वसतिगृहात राहायची आणि सुट्टीत वडिलांच्या होडीतून घरी जायची. आल्या आल्या तिने वर्गाला सांगितले होते, की आमच्या घरून कुठल्याही दिशेने चालत सुटा, पुढे पाणीच लागतं. हे कोणाला पटेना. तिच्या शेजारी एक मुलगा बसायचा. फार वाद घालायचा, म्हणून त्याला सगळे वकील म्हणत. त्याने विचारले, मग तुमच्या बकऱ्या काय पोहत आल्या? ती म्हणाली, होडीत बसून आल्या. झाले! बकऱ्या होडीत बसतात म्हटल्यावर वर्ग हसून लोळला. त्या दिवसापासून तिचे नाव थापाडी पडले.

ती रडली नाही, की बाईंकडे तक्रार घेऊन गेली नाही. एवढेच म्हणाली, “नकाशा येऊ दे. मग बघा.” मित्रांनो, दिसत नसले तरी ती मुले ‘बघा’च म्हणतात आणि बोटांनी बघतातही. तर त्या मुलीचा सगळा शब्द आता येणाऱ्या नकाशावर, म्हणजे माझ्यावर टांगलेला होता.

इकडे भाच्याने मला ‘जुनी कामे’मधून बाहेर काढले, झाडले, पुसले आणि पहिला नमुना तयार केला. आत्याने डोळे मिटले, माझ्यावरून बोट फिरवले आणि म्हणाली, की छान लागतंय पाणी हाताला. भाचा हसला. त्याने तिचे डोळे मिटलेलेच ठेवायला सांगून पत्रा गुपचूप आडवा फिरवला आणि आता सापडतंय का विचारले. आत्या चाचपडली. डोंगर सापडला, नदी सापडली, पण माझ्या आणि मोठ्या जमिनीमधले पाणी काही सापडेना. बोट त्याच्यावरून घसरून सरळ पलीकडे जायचे. मघाशी ते बोटाला नव्हे, तिच्या आठवणीला लागले होते. ज्याला नकाशा पाठ आहे, त्याचे बोट खोटी साक्ष देते.

असे नकाशे करणाऱ्यांत एक रीत आहे. जे पाणी बोटापेक्षा अरुंद, ते बुजवून टाकायचे. नाहीतर मुलांना वाटते, पत्र्यावर ओरखडा पडला आहे. आत्याने बराच वेळ हनुवटी खाजवली. मला पलीकडे सरकवण्याचा विचार तिच्या मनाला शिवलाही नाही, कारण किनारा हलवणे तिच्या दृष्टीने पाप. बुजवणे मात्र रीतीत बसत होते. शेवटी तिने तोंड वाकडे करून होकार दिला.

दोन जमिनी जोडणे फार सोपे असते. त्या एकमेकींना टेकलेल्या नसतील तर मधल्या पाण्यावर जमिनीचे एक ठिगळ टाकायचे. ते दोन्हींकडे थोडे थोडे चढले पाहिजे. मग तिन्ही तुकडे एकदम निवडायचे आणि ‘जोडा’ म्हणायचे. भाच्याने तेच केले. मला पोटात गुदगुल्या झाल्या आणि क्षणात मधल्या रेघा नाहीशा! एका टोकाला पाण्याचा दोरा तेवढा राहिला होता. केसाहून बारीक म्हणून पडद्यावर सहज दिसेना, पण आत्याच्या नजरेतून सुटतो कशाला? तिने तो दाखवला, भाच्याने बुजवला आणि काम जपून ठेवले. आधीच्या मला मात्र त्याने कुठेच जपून ठेवले नाही. हे ध्यानात ठेवा.

मी तर हरखून गेलो. मी आता मोठ्या जमिनीचा होतो! पण हळूहळू लक्षात आले, की माझ्या पोटाचे वळण गेले आहे. आणि बेटच उरले नाही म्हणून माझे नावही पुसले गेले आहे. मी आता नुसते एक टेंगूळ होतो. मोठ्या जमिनीने तर माझी दखलही घेतली नव्हती. एवढ्या मोठ्या अंगाला एक टेंगूळ आले काय अन् न आले काय!

नमुन्याचा पत्रा शाळेत गेला. बाईंनी तो टेबलावर ठेवला, मुलांना भोवती बोलावले आणि सगळ्यांत आधी नावाड्याच्या मुलीला हात लावायला दिला. तिची बोटे किनाऱ्यावरून झरझर निघाली. गोदी सापडली, नदीचे मुख सापडले, उंच टेकडी सापडली. मग तिचे बोट माझ्याकडे आले आणि अडखळले. पुढे गेले, मागे आले. मला ओरडून सांगावेसे वाटले, की अगं, मीच तो! पण टेंगळाला तोंड कुठे असते?

वकिलाने तिच्या हाताशेजारी आपला हात घातला आणि एकदा इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे बोट नेले. म्हणाला, “हे तर चालत जाण्यासारखं आहे. तुझे बाबा होडी चिखलातून ओढतात का गं?”

पुन्हा हशा. तास संपल्यावर मुलगी बाईंना म्हणाली, मला नकाशा करणाऱ्यांकडे घेऊन चला. बाईंनी समजावले, मी फोन करते, सांगते. तिने ऐकले नाही. तिला स्वतः विचारायचे होते.

दोघी सायकलच्या दुकानावरचा जिना चढून आल्या, तेव्हा भाचा डबा खात होता. आत्याने स्टूल पुढे केले. मुलीने बसायच्या आधीच विचारले, “माझं घर कुठे गेलं?”

आत्याला आधी काही कळेना. बाईंनी सगळी हकिगत सांगितली, बकऱ्यांसकट. भाच्याचा घास हातातच राहिला. आत्याने मुलीला जवळ घेऊन समजावले, की पाणी आहे बाळा, खरंच आहे, पण ते इतकं अरुंद की नकाशावर बोटाला लागत नाही, म्हणून आम्हाला बुजवावं लागलं.

मुलीने थोडा विचार केला. “मग बेट जरा पलीकडे सरकवा ना. म्हणजे लागेल.”

“जमीन अशी सरकवता येत नाही गं. ती जिथे आहे तिथेच दाखवावी लागते.”

“जोडता येते,” मुलगी म्हणाली, “आणि सरकवता येत नाही?”

भाचा आत्याकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत आत्याला तिच्याच शब्दांत कोणी पकडलेले त्याने पाहिले नव्हते, आणि हसावे की नाही हे त्याला ठरवता येईना. आत्याच म्हणाली, “अरे, बघत काय बसलास? डबा ठेव आणि उघड काजू.”

पण काजू उघडणार कसा? आधीचा मी जपून ठेवलेलाच नव्हतो. भाच्याने हात धुऊन सुरी नावाचे हत्यार घेतले आणि पाव कापावा तसे मला मोठ्या जमिनीपासून सरळ कापले. मी सुटलो खरा, पण पोट सपाट झालेला! आत्या कडाडली, की काजू काढायला सांगितला, तू वडी पाडलीस. मग तिने भाच्याला खुर्चीतून उठवले आणि स्वतः बसली. मित्रांनो, माऊसला तिने कधी हात लावला नव्हता. पहिल्या झटक्यात तिने माझे नाक समुद्रात लांबवर ओढले. बाई हसल्या, भाचा हसला, आणि काय झाले ते कळल्यावर नावाड्याची मुलगीही हसली. पण रेघेवर ठिपके कसे वाढवायचे हे भाच्याने दाखवले आणि आत्याचा हात बसला. समोर भिंतीवर तिचाच मोठा नकाशा लटकत होता. त्याच्याकडे बघत तिने माझा एकेक ठिपका आत ओढला. मोठ्या जमिनीवर माझा जो चुरा राहिला होता, तोही टिपून काढला. माझे पोट परत वळले.

आता सरकवायचे किती? आत्याने मुलीला बोट कागदावर ठेवायला सांगितले आणि त्याच्याभोवती पेन्सिल फिरवली. “हे तुमच्या वर्गाचं माप,” ती म्हणाली. मुलीने आणखी एक विचार केला आणि सांगितले, की वकिलाचं बोट माझ्यापेक्षा जाड आहे, त्याला कमी पडेल. मग आत्याने मापाला थोडी पुस्ती जोडली.

भाच्याने मला पूर्ण निवडले. माऊस मात्र आत्याच्या हातात होता. तिने खोल श्वास घेतला आणि मला समुद्राकडे सरकवले. माझ्यामागे पाणी आपोआप भरून आले. आत्याने आयुष्यात पहिल्यांदा किनारा हलवला होता. छतही कोसळले नाही आणि समुद्रही रागावला नाही. पण तिने एक अट घातलीच. पाण्याशेजारी ब्रेलमध्ये लिहायचे, की हे पाणी खरे तर यापेक्षा अरुंद आहे, हाताला कळावे म्हणून रुंद दाखवले आहे. माझे नावही परत आले. या वेळी ठसठशीत टिंबांत.

नवे पत्रे वर्गात पोचले, तेव्हा प्रत्येकाच्या पुढ्यात मी होतो. वकिलाने मोठ्या जमिनीवरून बोट पुढे नेले. किनारा आला आणि त्याचे बोट एकदम खाली उतरले. तो थबकला. बोट डावीकडे नेले, खाली पाणी. उजवीकडे नेले, पाणीच. शेवटी ते ओलांडून माझ्यावर चढला आणि माझ्याभोवती पुरी फेरी मारून आला. वकील असला तरी मनाचा सरळ होता. मोठ्याने म्हणाला, “बेट आहे. सगळीकडून पाणी आहे.”

मग मागून कोणीतरी हळूच विचारले, “म्हणजे बकऱ्या खरंच होडीतून आल्या?”

“उभ्याने,” नावाड्याची मुलगी म्हणाली. “बसत नाहीत त्या. ते मी उगाच म्हटलं होतं.”

पुन्हा हशा पिकला, पण या वेळी त्या हशात तिचाही आवाज होता. थापाडी हे नाव त्या दिवशी गळाले. आता कोणी नकाशा उघडला की आधी तिला विचारतात, होडी कुठून सुटते, वारा असला तर कुठून वळते. ती बोट धरून दाखवते. सध्या ती धक्क्याच्या मागे लागली आहे. वडील जिथे होडी बांधतात, तिथे नकाशावर एक टिंब हवे, असा तिचा निरोप गेला आहे. आत्याने नाही म्हणून कळवले. भाचा म्हणतो, दोन दिवस थांबा.

मित्रांनो, आता माझे म्हणणे ऐका. तुमच्यातले कोणी उद्या नकाशे कराल. संगणकात दोन जमिनी जोडायला एक टिचकी पुरते, आणि जोडलेले चित्र दिसतेही नीटनेटके. जरूर जोडा. मीही कधी काळी त्याच आशेवर होतो. पण टिचकी मारण्याआधी जुने चित्र एकदा जपून ठेवा, आणि पलीकडे कोणाचे घर आहे का, एवढे विचारून घ्या. आणि हाताने वाचायचा नकाशा कधी तुमच्या पुढ्यात आला, तर त्यावर दप्तरे रचू नका. उंचवटे चेपले की गावे हरवतात. मी आता थोडा झिजलो आहे, माझ्या डोंगराचे टोक गुळगुळीत झाले आहे. पण ते दप्तरांनी नव्हे, बोटांनी झिजवले आहे. रोज कोणी ना कोणी पाणी ओलांडून माझ्यावर येते, आणि मुलीच्या घराचे दार कुठे असेल ते शोधत बसते.